लाईट गेली की ईईप्रॉममधला डेटा बिघडतोय (ठिबक कंट्रोलर, २४सी३२)

ठिबकवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचून जातोय, आज अडलंय म्हणून विचारतो. घरच्या द्राक्षबागेसाठी ठिबकचा कंट्रोलर बनवलाय. बारा व्हॉल्व्ह, प्रत्येक प्लॉटला किती वाजता पाणी, किती मिनिटं, खत कधी आणि किती वेळ सोडायचं असलं सगळं सेटिंग. आत अर्ड्युइनो नॅनो (छोटा प्रोसेसर बोर्ड), डीएस३२३१ घड्याळाचं ते निळं मोड्यूल, आणि त्याच मोड्यूलवर २४सी३२ ही ईईप्रॉम (लाईट गेली तरी डेटा टिकवणारी) मेमरी आयतीच मिळते म्हणून सेटिंग तिच्यात ठेवलंय. व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे, रिले बोर्डावरनं.

शेतीची लाईट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. आठ तास म्हणायचं, त्यात मधनंच जाणार, आली की परत जाणार. कंट्रोलर पहिल्यापासून सुरू झाला की एक नंबर प्लॉटला डबल पाणी, डबल खत, आणि बारा नंबर कोरडा. म्हणून कुठला व्हॉल्व्ह चालू आहे आणि किती सेकंद राहिलेत हे दर सेकंदाला नॅनोच्या आतल्या ईईप्रॉममध्ये लिहितोय, लाईट आली की तिथनं पुढं.

भानगडी दोन आहेत. एक म्हणजे कधीमधी लाईट आल्यावर उरलेला वेळ भलताच दाखवतो, परवा ६५३६८ सेकंद दाखवत होता आणि तो व्हॉल्व्ह लाईट असेपर्यंत चालूच. दुसरी म्हणजे दोन नंबर व्हॉल्व्हचं सेटिंग सेव्ह केलं की एक नंबरचं बिघडतं. एक नंबर सुरू व्हायची वेळ ४० वाजता दाखवतोय! मोड्यूल बदलून बघितलं, तेच. डुप्लिकेट चिपा येतात म्हणे, तसलं काय असेल का?

बायपास_मिरज
डुप्लिकेटच असणार भावा. ऑनलाईन स्वस्तातलं मोड्यूल घेतलं की हेच. लिहिल्यानंतर ५० मिलिसेकंदाचा डिले टाकून बघ, माझ्याकडं तसं चाललं होतं.

पुलअप_४के७
डिलेनं हे सुटणार नाही. चिपला एवढ्यात नावं ठेवू नका. ठिबकवाले, एका व्हॉल्व्हचं सेटिंग किती बाइटचं आहे, आणि चिपमध्ये पत्ता कसा काढताय?

ठिबकवाला_तासगाव
स्ट्रक्चर २० बाइटचं आहे दादा. पहिला व्हॉल्व्ह पत्ता ०, दुसरा २०, तिसरा ४०, असं व्हॉल्व्ह गुणिले २०. सगळे २० बाइट एकाच दमात पाठवतो आणि मग १० मिलिसेकंद थांबतो.

पुलअप_४के७
मग सापडलं. जेवून येऊन सविस्तर लिहितो.

जुना_टीव्हीवाला
तोवर मी दोन शब्द घालतो. कलर टीव्हीच्या काळात सांगलीत माझं रिपेअरिंगचं दुकान होतं, तेव्हा २४सी०८, २४सी१६ या चिपा रोज हातात. टीव्हीचे चॅनल, आवाज, पिक्चरची भूमिती, सगळं त्यात. वादळात लाईट झपझप गेली-आली की दुसऱ्या दिवशी दारात चार गिऱ्हाईकं, टीव्ही चालू होतोय पण चॅनल गायब. चिप काढून प्रोग्रामरवर तोच डेटा परत भरला की तीच चिप ठणठणीत चालायची. म्हणजे चिप मेलेली नसायची, मजकूर बिघडलेला असायचा. म्हणून चिप फेकायच्या आधी सीएच३४१ए वाला प्रोग्रामर लावून आत काय आहे ते वाचून बघत जा.

पुलअप_४के७
हं, आलो. आधी दुसरी भानगड, ती सोपी आहे.

२४सी३२ मध्ये ४०९६ बाइट असतात, पण लिहिण्यासाठी चिप त्याची ३२-३२ बाइटची पानं करते. ० ते ३१ पहिलं पान, ३२ ते ६३ दुसरं, अशी १२८ पानं. एका दमात तू जे बाइट पाठवतोस ते आधी चिपच्या आतल्या बफरमध्ये जातात आणि तू स्टॉप (पाठवणं संपल्याचा इशारा) दिलास की मग खरं लिहिणं सुरू होतं. गोम अशी की पाठवता पाठवता पानाचा शेवट आला तर पत्ता पुढच्या पानावर जातच नाही. सिटी बससारखं, शेवटच्या थांब्यावरनं वळून परत त्याच पानाच्या पहिल्या थांब्यावर.

आता तुझा हिशेब लाव. दोन नंबरचं सेटिंग पत्ता २० पासून २० बाइट. त्यातले १२ बाइट २० ते ३१ मध्ये बसले. उरलेले ८ पुढं ३२ ला जायला पाहिजेत, ते फिरून ० ते ७ मध्ये पडले. तिथं कोण बसलंय? एक नंबर व्हॉल्व्ह. म्हणजे एक नंबरच्या डोक्यावर दोन नंबरचं शेपूट. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये शेवटी खताची मिनिटं असतील आणि सुरवातीला तास, तर ते ४० म्हणजे दोन नंबरच्या खताची मिनिटं असणार, बघ.

तीन नंबर ४० ते ५९ मध्ये बसतो, तो सुटला. चार नंबर ६० पासून, त्याचे चारच बाइट बसतात, बाकीचे १६ फिरून ३२ ते ४७ मध्ये. म्हणजे तीन नंबरचं डोकं त्यानं खाल्लं असणार.

वाचताना हे होत नाही, वाचताना पत्ता सरळ पानं ओलांडत पुढं जातो. त्यामुळं माणूस फसतो, वाचायचा कोड बरोबर चालतोय मग लिहायचा का नाही असं वाटतं.

ठिबकवाला_तासगाव
दादा पाया पडतो. दोन नंबरला खत ४० मिनिटंच लावलंय!! आणि चार नंबर सेव्ह केल्यावर तीन नंबर बिघडतो हे पण बरोबर, मी वेगळा बग समजून चाललो होतो.

पुलअप_४के७
मग एका व्हॉल्व्हला एक पान देऊन टाक, पत्ता व्हॉल्व्ह गुणिले ३२. जागा वाया जाते म्हणू नको, १२८ पानं आहेत, बारानं काय होतंय. प्रत्येक चिपचं पान वेगळं असतं हे ध्यानात ठेव. २४सी०२ चं ८ बाइट, २४सी१६ चं १६, २४सी६४ चं ३२, २४सी२५६ चं ६४. डेटाशीट उघडून बघायचं, शेजाऱ्याच्या कोडवर विसंबायचं नाही.

अजून एक. अर्ड्युइनोच्या वायर नावाच्या लायब्ररीचा (चिपशी बोलायचा तयार कोड) बफर नॅनोवर ३२ बाइटचाच आहे, आणि त्यात पत्त्याचे दोन बाइट पण मोजले जातात. म्हणजे डेटा एका वेळी ३० बाइट. एकतिसावा बाइट लायब्ररी गपचूप टाकून देते, एरर काय येत नाही, राइट फंक्शन फक्त शून्य परत देतं आणि ते कोण तपासतंय. तुझे २० आहेत, तुला वांधा नाही.

आणि बायपास भाऊ, तो ५० चा डिले. बहुतेक नवीन चिपांना एक पान लिहायला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात, काही जुन्यांना १०. त्या वेळात चिप कोणाला ओ देत नाही. त्यामुळं डोळे झाकून डिले मारण्यापेक्षा तिला हाक मारत राहायचं, नुसता पत्ता पाठवायचा आणि लायब्ररीचं एंड ट्रान्समिशन फंक्शन काय परत देतं बघायचं. २ आलं म्हणजे अजून कामात आहे, ० आलं म्हणजे मोकळी. फक्त मोजून ठराविक वेळाच हाक मारा, नाहीतर वायर तुटली तर प्रोग्राम तिथंच अडकून बसेल.

बायपास_मिरज
बरं बरं. माझं २४सी०२ होतं आणि एकेक बाइट लिहीत होतो, म्हणून चाललं असेल.

लॅबवाल्या_मॅडम
पहिल्या भानगडीवर मी लिहिते. ६५३६८ हा आकडा हेक्समध्ये (१६ च्या पायात) बघा, एफएफ५८ येतो. खालचा बाइट ५८, वरचा एफएफ. आतल्या ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात, त्यात पहिला निम्मा वेळ तो बाइट पुसण्यात जातो आणि पुसलेला बाइट म्हणजे एफएफ. तुमचा खालचा बाइट लिहून झाला, वरचा पुसला आणि तेवढ्यात वीज गेली. म्हणजे तेव्हा ६०० सेकंद राहिले असतील, नाहीतर ३४४, नाहीतर ८८. तुम्ही अपडेट वापरत नसून सरळ राइट वापरताय असा माझा अंदाज आहे. अपडेट आधी वाचून बघतं आणि तोच आकडा असेल तर हात लावत नाही, त्यामुळं वरचा बाइट विनाकारण दर सेकंदाला पुसला गेला नसता.

पण अपडेटनं तुमचं दुखणं जात नाही. खालचा बाइट तर दर सेकंदाला बदलणारच. एटीमेगा३२८पी (नॅनोवरचा प्रोसेसर) च्या आतल्या ईईप्रॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची आहे. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००. म्हणजे साडेतीन दिवसांत हमी संपली! प्रत्यक्षात सेल त्याच्या पुढं पुष्कळ टिकतात म्हणून तुम्हाला अजून जाणवलं नसेल. दर वेळी लिहिताना फ्लोटिंग गेटच्या (सेलमधला चार्ज साठवणारा भाग) खालच्या अगदी पातळ ऑक्साइडमधून जास्त व्होल्टेजनं इलेक्ट्रॉन आत-बाहेर ढकलले जातात, त्यात थोडे तिथंच अडकून बसतात, आणि ते साठत गेले की शून्य आणि एकातला फरक ओळखू येईनासा होतो.

आणि एक राहिलं, ब्राऊन-आऊट, म्हणजे व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की प्रोसेसर थांबवून ठेवणं. नॅनोचं बूटलोडर बहुतेक २.७ व्होल्टवर ब्राऊन-आऊट लावून येतं. १६ मेगाहर्ट्झला त्या चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात. मधल्या पट्ट्यात, म्हणजे व्होल्टेज खाली येताना ३.८ ते २.७ मध्ये, प्रोसेसर काहीही सूचना राबवू शकतो, त्यात लिहायची पण आली. फ्यूज (चिपच्या आतलं सेटिंग) बदलून ४.३ व्होल्टवर न्या. यूएसबीवरून होणार नाही, आयएसपी प्रोग्रामर (चिपमध्ये थेट लिहिणारा) लागेल, दुसरा अर्ड्युइनो पण चालतो.

ठिबकवाला_तासगाव
मॅडम, राइटच वापरलंय. मग आता चालू स्थिती पण बाहेरच्या चिपमध्ये न्यावी का? तिची हमी १० लाख वाचली.

लॅबवाल्या_मॅडम
न्या, पण एकाच जागी लिहू नका. दहा लाख सेकंद म्हणजे आठ तासांच्या हिशेबानं पस्तीस दिवस फक्त.

खटपट्या
एवढा काथ्याकूट कशाला? एफरॅम (लाईट गेली तरी टिकणारी, पटकन लिहिली जाणारी मेमरी) टाका. एफएम२४सी६४ किंवा एमबी८५आरसी वाली, पाय तेच, आयटूसी (चिपशी बोलायची दोन तारांची पद्धत) तेच, पानाची भानगड नाही, ५ मिलिसेकंद थांबणं नाही, आणि लिहायची मर्यादा इतकी मोठी की दर सेकंदाला लिहून तुमच्या नातवाच्या काळात पण संपणार नाही. महाग आहे थोडी पण एकदाच. विषय संपला.

पुलअप_४के७
विषय निम्मा संपला. झीज गेली हे कबूल. पण २० बाइटातले ११ गेले आणि लाईट गेली तर? एफरॅमनं ते ११ पटकन लिहिले एवढंच, अर्धं नवं अर्धं जुनं तिच्यात पण होणार. ते तपासायला काहीतरी लागणारच. आणि सांगलीत दुकानात २४सी मालिका मिळते, एफरॅम मागवावी लागते.

माझं मत विचाराल तर चिप कुठलीही असू दे, नियम एकच, आपल्याकडं असलेल्या एकुलत्या एक चांगल्या नोंदीवर कधी लिहायचं नाही. नवीन नोंद नव्या पानावर. तिच्यात चालत्या क्रमाचा ३२ बिट नंबर, मग व्हॉल्व्ह आणि उरलेले सेकंद, आणि शेवटी सगळ्याचा सीआरसी-१६ (डेटा बिघडलाय का ते ओळखायचा तपासणी आकडा). पुढची नोंद पुढच्या पानावर, ६४ पानं झाली की परत पहिल्यावर. चालू झालं की ६४ च्या ६४ वाचायची, ज्यांचा सीआरसी जुळतो त्यातला सगळ्यात मोठा नंबर तो खरा. लिहिता लिहिता लाईट गेली तर ती एक नोंद मातीत, त्याच्या आधीची शाबूत.

झीज पण वाटली जाते. ६४ पानं गुणिले १० लाख म्हणजे ६ कोटी ४० लाख वेळा. दर १० सेकंदाला लिहिलं तर रोज २,८८० नोंदी, साठ वर्षं. पाणी दहा सेकंद जास्त गेलं म्हणून कुठल्या वेलीला काय होत नाही.

सीआरसीच का, नुसती बेरीज का नको म्हणाल तर सगळे बाइट शून्य आले की बेरीज पण शून्य, जुळली म्हणणार. सीआरसीची सुरवात पण शून्यापासनं करू नका, एफएफएफएफ घ्या. एव्हीआरच्या (नॅनोवरचा प्रोसेसर ज्या कुटुंबातला) लायब्ररीत तयार फंक्शन आहे, नवीन लिहायला नको.

बीई_इटीसी_सातारा
सर एक शंका. मी ईएसपी८२६६ (वायफायवाली चिप) वर प्रोजेक्ट करतोय, त्यात पण ईईप्रॉम लायब्ररी आहे, राइट केलं पण रिस्टार्ट केलं की जातंय सगळं.

लॅबवाल्या_मॅडम
कमिट केलं नसेल. ईएसपी८२६६ मध्ये खरं ईईप्रॉम नाहीच, फ्लॅशच्या एका ४०९६ बाइटच्या सेक्टरचं सोंग आहे. तुम्ही रॅममधल्या प्रतीत लिहिता आणि कमिट म्हटलं की अख्खा सेक्टर पुसून परत लिहिला जातो. म्हणजे एक बाइट बदलायला पूर्ण सेक्टर धोक्यात, आणि तेवढ्यात वीज गेली तर सगळंच गेलं. सेटिंगसाठी ठीक आहे, दर सेकंदाच्या नोंदीला अजिबात नाही. ईएसपी३२ वर असाल तर प्रेफरन्सेस लायब्ररी वापरा, ते नवीन किंमत नव्या जागी लिहितं, पुलअप म्हणतायत तसंच.

बीई_इटीसी_सातारा
धन्यवाद मॅडम 🙏 सबमिशन उद्या आहे.

जुना_टीव्हीवाला
डीएस१३०७ घड्याळ असतं तर त्यात ५६ बाइट रॅम असते, बटण सेलवर जिवंत राहते, कितीही वेळा लिहा झिजत नाही. डीएस३२३१ मध्ये ती नाही. पण १३०७ महिन्याला मिनिटभर मागंपुढं होतं.

ठिबकवाला_तासगाव
काका घड्याळ नको बदलायला, वेळ बिघडली की रात्रीची पाळी चुकते. एक विचारू का, लाईट जाताना कळलंच तर तेव्हाच एकदा लिहिलं तर? सारखं लिहायलाच नको.

कुपवाड_पॅनेलवाला
करता येतं, आम्ही पॅनेलमध्ये करतो. १२ व्होल्ट अडॅप्टरच्या पुढं एक डायोड, डायोडनंतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर). डायोडच्या आधीचं व्होल्टेज दोन रेझिस्टरनं वाटून नॅनोच्या डी७ पायावर, तिथं आतला अनॅलॉग कम्पॅरेटर आहे, १.१ व्होल्टच्या आतल्या रेफरन्सशी तुलना करतो. ९ व्होल्टच्या खाली आलं की इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम सोडायला लावणारा इशारा).

हिशेब असा. कपॅसिटर ११ वरनं ७.५ व्होल्ट होईस्तोवर ७८०५ नीट ५ देतं. साडेतीन व्होल्ट, ५० मिलिअँप लोड, म्हणजे ७० मिलिसेकंद हातात. ५ मिलिसेकंदाच्या कामाला भरपूर. पण! रिले. त्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल एकटी ७० मिलिअँप खाते. तेव्हा इंटरप्ट आला की पहिलं काम रिले सोडणं, लिहिणं नंतर.

आणि व्हॉल्व्हच्या कॉइलला स्नबर (झटका गिळणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावलाय का? १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. एसी सोलेनॉइड तुटताना जो झटका देतो त्यानं आयटूसीची लाईन पण हलते, मग पत्त्याचा एखादा बिट इकडचा तिकडं झाला की तिसऱ्याच पानावर लिहून मोकळा. मेमरीचा डब्ल्यूपी (लिहिणं बंद करणारा) पाय एका पिनवर घ्या, एरवी हाय, लिहायच्या वेळेपुरता लो. मोड्यूलवर तो ग्राउंडला जोडलेला असेल तर पाय उचलावा लागेल, बारीक काम आहे.

खटपट्या
हे केलं तर तुमची ती ६४ पानांची रिंग कशाला मग? एकदाच लिहायचं आहे.

पुलअप_४के७
कारण सगळ्यात आधी मरणार तो कपॅसिटर. पत्र्याची पेटी, मळ्यात, एप्रिल-मेचं ऊन, दोन उन्हाळ्यात इलेक्ट्रोलिटिक सुकतो, १००० चा २०० राहतो आणि कुणाला पत्ता पण लागत नाही, एलईडी जळत असतो, व्हॉल्व्ह उघडतायत, सगळं छान. ज्या दिवशी ७० चे १० मिलिसेकंद उरतात त्या दिवसापासनं नोंदी अर्धवट. म्हणून मी कपॅसिटरला बोनस समजतो. डेटा असा मांडायचा की लाईट कधी पण, कुठल्या पण बाइटवर गेली तरी मागची नोंद सापडली पाहिजे. मग वरनं पॅनेलवाल्यांचं सर्किट लावा, मी पण लावतो.

कुपवाड_पॅनेलवाला
हे खरं आहे. १०५ डिग्रीवाला कपॅसिटर घ्या निदान, ८५ वाला नको. पाच-दहा रुपयांचा फरक.

खटपट्या
ठीक आहे, मानलं. पण माझ्या पुढच्या बोर्डात एफरॅम आणि रिंग दोन्ही टाकणार 😄

ठिबकवाला_तासगाव
मंडळी अपडेट देतो. कोड नव्यानं लिहिला. सेटिंगला व्हॉल्व्हमागं दोन पानं ठेवली, आलटून पालटून, म्हणजे सेटिंग सेव्ह करताना लाईट गेली तरी जुनं सेटिंग राहतं. त्याच्या पुढं ६४ पानांची रिंग, दर १० सेकंदाला आणि व्हॉल्व्ह बदलला की लगेच एक नोंद. उरलेला वेळ सेट केलेल्या वेळेपेक्षा जास्त आला तर मानायचाच नाही, हे पण घातलं, सीआरसी असू दे नसू दे. ब्राऊन-आऊट ४.३ ला नेला.

टेस्ट करायला दुसरा अर्ड्युइनो घेऊन त्याच्या रिलेवर कंट्रोलरचा सप्लाय दिला आणि कधी पण तोडायचा, कधी पण जोडायचा असं रात्रभर सोडून दिलं. कपॅसिटर मुद्दाम काढून ठेवला होता. सकाळी सीरियल लॉग बघितला तर सीआरसी न जुळलेल्या नोंदी होत्या मधनं मधनं, पण प्रत्येक वेळी आधीच्या नोंदीवर गेला आणि बरोबर व्हॉल्व्ह पकडला. ६५ हजारवाला आकडा कुठं नाही.

आता भाऊबंदांना चोवीस व्हॉल्व्हचा पाहिजे म्हणतायत. त्याला २४सी२५६ घेतलं तर कोड तोच चालेल ना?

पुलअप_४के७
पत्ता दोन बाइटचाच आहे, चालेल. पान ६४ चं आहे, ३२ चे तुकडे त्यात दोन बसतात, सीमेवर कुठं सांडत नाहीत. फक्त एक बघ, एका पानात दोन नोंदी ठेवल्यास तर शेजारच्या नोंदीला पण झळ लागू शकते, त्यामुळं नोंदीला अख्खं पान दे. जागा ३२ केबी आहे, कंजूषपणा कशाला. वेगळी चिप लावताना आयटूसी पत्ता तपास, निळ्या मोड्यूलवरची हेक्स ५७ वर असते, नवीनचे ए०, ए१, ए२ ग्राउंडला असले तर ती ५० वर येईल.

जुना_टीव्हीवाला
आणि ठिबकवाले, त्या निळ्या मोड्यूलमध्ये साधा सीआर२०३२ सेल घातलाय का? त्याच्यावर चार्जिंगचा डायोड आणि रेझिस्टर असतो, तो रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. ५ व्होल्टवर साधा सेल फुगतो. डायोड काढून टाक.

ठिबकवाला_तासगाव
काका साधाच घातलाय, आणि थोडा फुगलाय पण खरं, मला वाटलं उन्हानं. आज संध्याकाळी डायोड काढतो आणि सेल बदलतो. स्नबरचं सामान उद्या सांगलीला जातोय तेव्हा आणतो, पॅनेलवाले, ०.१ चा कपॅसिटर किती व्होल्टचा घ्यायचा?

कुपवाड_पॅनेलवाला
२७५ व्होल्ट एसीचा एक्स२ लिहिलेला घे, चौकोनी पिवळा. २४ व्होल्टला एवढा लागत नाही पण झटका मोठा असतो, आणि तो कुठल्या पण दुकानात मिळतो. बाराच्या बारा व्हॉल्व्हला लाव, एकाला लावून बघतो म्हणू नको. रिलेच्या कॉन्टॅक्टवर नाही, व्हॉल्व्हच्या कॉइलच्या दोन टोकांवर.